आधी जॅकेट, मग गप्पा

“ते सगळं ठीक आहे हो सिस्टर, पण पोहायला शिकवणार कोण?” तलावाच्या व्यवस्थापकाने चष्म्यावरून बघत विचारलं.

सिस्टर या प्रश्नाची वाटच बघत होत्या. “आमचे हे,” त्या म्हणाल्या.

व्यवस्थापक खुर्चीत सरळ बसला. “कप्तान शिकवणार? मग आधी नाही का बोलायचं? रविवार दुपारचा तास तुमचा. भाडंबिडं नको.”

इस्पितळातून निवृत्त होताना सिस्टरांनी एकच गोष्ट डोक्यात घेऊन घर गाठलं होतं. गाव नदीकाठचं. वर्षातून कुणी ना कुणी बुडायचं, आणि इस्पितळात आणलेल्यांत बायकाच जास्त. कुणाचा धुणं धुताना पाय घसरला, कुणी पोराला काढायला उतरली, संपलं. मुलग्यांना लहानपणी कुणीतरी पाण्यात ढकलून शिकवतं, बायकांना कोण ढकलणार? म्हणून संस्था. बायकांना पोहायला शिकवायचं, तेही फुकट.

संस्था काढणं म्हणजे काय प्रकरण असतं, ते त्यांना नंतर कळलं. वकिलीणबाईंनी फी घेतली नाही, पण सात सभासद आणा म्हणाल्या. सभासद म्हणाले, आधी जागा दाखवा. जागेवाले म्हणाले, आधी देणगीदार दाखवा. वखारीचे शेटजी म्हणाले, आधी सभासद दाखवा. शेवटी सिस्टरांच्या लक्षात आलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. कप्तानांचं नाव काढलं की सगळेच हो म्हणत होते. शेटजींनी तर पोशाखांचा आणि टोप्यांचा खर्च तिथल्या तिथे उचलला.

“ज्याने मला जन्मभर पलीकडे नेऊन आणलं, त्याच्या हाती नात द्यायला मला कसली भीती?” ते म्हणाले.

कप्तान म्हणजे सिस्टरांचे यजमान. पूल होईपर्यंत नदीवरची लाँच तेच चालवायचे. त्यांचा नियम एकच, आधी जॅकेट, मग गप्पा. पाणी कितीही शांत असो, त्यांचं स्वतःचं नारिंगी जॅकेट अंगावरून उतरायचं नाही. लग्नानंतर नवी नवरी पहिल्यांदा लाँचवर चढली, तेव्हा तिलाही त्यांनी आधी जॅकेट बांधलं होतं. त्यावरून घरात अजून चिडवाचिडवी चालायची. सुट्टीच्या दिवशी मात्र हा माणूस नदीकडे फिरकायचा नाही. “ज्याच्यावर पोट, त्याच्याशी खेळ नको,” म्हणायचे.

“तुमचं नाव दिलंय,” जेवताना सिस्टरांनी सांगून टाकलं.

कप्तानांचा घास हातातच राहिला. “विचारलं असतंस तर बरं झालं असतं.”

“त्यात काय विचारायचं? नदीतल्या माणसाला तलाव म्हणजे बादली.”

“पाण्याने माझा कान दुखतो.”

“कोणता?”

कप्तानांना जरा विचार करावा लागला. “डावा,” ते म्हणाले.

सिस्टर रागावल्या. आयुष्यात एक गोष्ट मागितली, तर यांचा कान आडवा आला. दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. मग कप्तान रोज सकाळी ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून निघायला लागले. परत यायचे ते लालबुंद डोळ्यांनी. विचारलं तर म्हणायचे, धूळ गेली. जेवण मात्र दुप्पट झालं होतं. दुःखात काही माणसं जास्त जेवतात, हे सिस्टरांनी इस्पितळात पाहिलं होतं.

उलगडा वकिलीणबाईंनी केला. “कप्तान रोज सकाळी पुलावर दिसतात हो.”

ज्या पुलाने लाँच बंद पाडली, त्याच्यावर पाऊल ठेवणार नाही असं म्हणणारा हा माणूस. आता तिथे उभा राहून नदीकडे बघत रडत असणार. त्याच्या जखमेवर आपणच मीठ चोळलं. सिस्टरांना स्वतःचीच लाज वाटली.

त्या दिवशी त्यांनी कप्तानांना गरम चहा दिला आणि समोर बसल्या. “राहू दे ते शिकवणं. मी उद्या सगळ्यांना नाही सांगून येते.”

“आणि संस्था?”

“नसेल नशिबात.”

कप्तानांनी कप खाली ठेवला. “काही सांगू नकोस कुणाला. मी येतो. फक्त मदतीला एक मुलगी आणीन म्हणतो.”

“दहा आणा,” सिस्टर म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या. इतका जीव लावणारा माणूस मिळाला, यापुढे भांडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं.

रविवारी तलावावर शेटजींची नात, सून, वकिलीणबाई, सगळ्या नव्या टोप्या घालून उभ्या होत्या. व्यवस्थापक स्वतः खुर्ची टाकून बसला होता. कप्तान आले तशा टाळ्या पडल्या. त्यांच्याबरोबर गळ्यात शिट्टी अडकवलेली एक तरतरीत मुलगी होती. पलीकडच्या काठावरच्या शाळेत ती पोहणं शिकवायची.

“ज्यांना अजिबात येत नाही, त्यांनी इकडे, कठडा धरून,” मुलगी म्हणाली.

सर्वांत आधी सिस्टर उतरल्या. अध्यक्षच मागे राहिली तर कसं व्हायचं? पाणी कमरेला लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. शेजारी पाणी हललं. कप्तान येऊन उभे राहिले होते, आणि त्यांचाही हात कठड्यावर होता.

“अहो, इकडे काय करताय?” सिस्टर कुजबुजल्या. “सगळे बघतायत. तिकडे समोर जा, शिकवायला.”

कप्तानांनी दुसरा हात सिस्टरांच्या हातावर ठेवला.

मुलगी हसली. “घाबरू नका मावशी. महिन्याभरापूर्वी आमच्या शाळेच्या तलावावर आले, तेव्हा हे काका गुडघाभर पाण्यातसुद्धा माझा हात सोडत नव्हते.”