सुनेचं फूल

"ती पाकळी उसव," सासूबाई म्हणाल्या. "टाका वर दिसतोय."

सुनेने मुकाट्याने पाकळी उसवली, कड पुन्हा आत दुमडली आणि सुई घातली. एरवी तिने मनातल्या मनात चार शब्द सुनावले असते. आज नाही. आज सासूबाईंनी अख्खा चौकोन उसवायला लावला असता तरी ती हसत बसली असती, कारण हातातलं फूल तिचं स्वतःचं होतं.

सासूबाईंच्या त्या गोधडीचा घरात भारी मान. ती कुणी पांघरायची नाही, उन्हात टाकायची नाही. प्रत्येक चौकोनात बागेचा एक तुकडा: हिरव्या कापडाचा वाफा, तपकिरी पट्ट्यांचं कुंपण आणि मधोमध एक फूल. एकेक फूल एकेका माणसाचं, त्याच्याच कपड्यातून कापलेलं. सासऱ्यांचं चौकड्यांच्या शर्टाचं. ते वारले तेव्हा सून या घरात आलीही नव्हती. मोठी नणंद लग्न होऊन लांब गेलेली, तिचं फूल पिवळ्या फ्रॉकचं. दीर परदेशात जाऊन बसलेला, आईची आठवण त्याला वाढदिवसापुरती यायची. तरी त्याचं फूल सगळ्यांत टपोरं! धाकट्या नणंदेच्या पाकळ्या तर सुनेनेच शिवल्या होत्या, तिच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, कारण तोवर सासूबाईंची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. त्या सांगायच्या, सून शिवायची.

आणि माणसांचं एक वेळ असो, म्हाताऱ्या कुत्र्याचंही फूल होतं. त्याच्या अंथरुणाची जुनी चादर कापून ते केलेलं. ते शिवताना मात्र सुनेचा जीव जळला. जन्मभर दारात झोपलेल्या कुत्र्याचा नंबर लागला आणि आपला नाही. त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

तिने कधी मागितलं नाही. मागून मिळालं तर त्यात काय अर्थ? सासूबाईंची औषधं, पथ्यपाणी, रात्रीअपरात्रीची दुखणी तिने काढली. सासूबाईंची वेणीसुद्धा तीच घालायची. तिच्यावाचून त्या घरातलं पान हलत नव्हतं. पण पाहुणे आले की सासूबाई गोधडी पसरून एकेक फूल दाखवायच्या, आणि कुणी ना कुणी विचारायचंच, सुनेचं कुठलं म्हणून. सासूबाई म्हणायच्या, तिचं अजून नाही. सून चहाचं निमित्त काढून आत जायची आणि नळ सोडून उगाच कप धुवत राहायची. त्या 'अजून'वर तिने इतकी वर्षं काढली होती.

आणि आज सकाळी, नवऱ्याशी नेहमीसारखं जेवढ्यास तेवढं फोनवर बोलून तिने फोन ठेवला. महिनाभर तो कामासाठी परगावी होता. सासूबाईंनी शिवणाची टोपली पुढे ओढली आणि म्हणाल्या, तुझं एखादं कापड आण, तुला जिवापाड आवडतं असं.

सून क्षणभर तिथेच उभी राहिली. मग जी धावली! कपाटातून तिने लग्नातला निळा रेशमी ड्रेस काढला. बहिणीने एकदा मागितला होता तर हिने तोंड फिरवलं होतं. त्याच ड्रेसला आज तिने ऐन पुढच्या बाजूला कात्री लावली. वाईट वाटायला फुरसत कुणाला होती? पाकळ्या कापल्या, टाचण्या लावल्या, उरलेलं कापड पायाशी पडलं.

सासूबाई नाकावर चष्मा ठेवून एकेक टाका बघत होत्या. देठ जरा डावीकडे घे. पान उलटं लावू नकोस. घाई करू नकोस, हे आता कायमचं राहायचंय. सून हो हो म्हणत होती आणि आतून सुखावत होती. जेवायची वेळ टळून गेली, दोघींनाही भान नव्हतं. शेवटचा टाका पडला तेव्हा सासूबाईंनी चौकोन हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि वाकड्या बोटाने निळ्या पाकळीची कड चाचपली.

"हात चांगला आहे तुझा," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलींना असं कधी जमलं नाही."

या बाईच्या तोंडून कौतुक! सुनेच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे भरून आले ते तिने लपवलेही नाहीत. तिने चौकोन गोधडीवर ठेवून पाहिला, सासऱ्यांच्या फुलाशेजारी, आणि सगळी बाग एकदा डोळे भरून बघितली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आणि तिला हसू फुटलं.

"आई, यांचंच राहिलं की हो. पोटच्या लेकाला विसरलात? आणू का यांचा एखादा शर्ट?"

"त्याचा कशाला?" सासूबाई सुईत नवा दोरा ओवायला धडपडत म्हणाल्या. "घरातून गेलेल्यांचीच फुलं लावते मी. तो इथेच राहणार आहे."

सून हसतच होती. सासूबाईंच्या हातातून सुई घेऊन तिने दोरा ओवून दिला.

"मग मी कुठे गेले?"

"संध्याकाळी जाशील," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याच्याने तुला सांगवेना, म्हणून तुझ्या भावाला मीच बोलावून घेतलंय."