गंगाखेडचं कॅमेलिया

फूल दिसलं आणि बन्सीधररावांना आधी आठवलं ते पत्र. दिवाळीत आलेलं, शब्दकोशात घडी घालून ठेवलेलं, उत्तर न दिलेलं.

पत्र कालिम्पोंगच्या तमांग यांचं होतं. म्हाताऱ्या तमांगांनी सगळं आयुष्य कॅमेलियाचे संकर करण्यात घातलं होतं. कॅमेलिया म्हणजे चहाची बहीण. थंड डोंगरात, आम्लधर्मी मातीत वाढणारी. मैदानातल्या उन्हातही फुलेल असं एखादं वाण त्यांना करायचं होतं. कॉलेजच्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झालेल्या बन्सीधररावांनी कॅमेलिया फक्त पुस्तकात पाहिलं होतं. तरी त्यांनी भीतभीत रोप मागितलं आणि तमांगांनी प्रयोग म्हणून तीन संकरांची तीन रोपं गंगाखेडला पाठवली. दोन पहिल्याच वैशाखात वाळली. उरलेल्या एकाबद्दल तमांगांनी आता विचारलं होतं: ‘या थंडीतही कुठून फुलाची बातमी आली नाही, तर या वाणाची मूळ झाडं उपटून जागा मोकळी करीन. खरं असेल तेच कळवा.’

खरं कळवणं अवघड होतं. दरवर्षी कळ्या धरायच्या आणि दरवर्षी गळायच्या. आपली काळी माती या झाडाला चालत नाही, म्हणून अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पानांचं खत, साठवलेलं पावसाचं पाणी, वर हिरवी जाळी, असा सगळा थाट होता. कोकिळाबाई म्हणायच्या, ‘‘माझ्या बाळंतपणात तुमी एक पुस्तक उघडलं न्हाई. हिच्यापायी अख्खं कपाट वाचून काढलं.’’

दोघं काही दिवस मुलीकडे पिंगळीला गेले होते. काल परतले आणि आज सकाळी बघतात तर फूल. गुलाबी, पाकळीवर पाकळी रचलेली, मेणासारखी गुळगुळीत. इतकं नीटनेटकं की बन्सीधररावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी वास घेतला. वास नव्हता. कॅमेलियाला बहुधा वास नसतो, हे त्यांनी वाचलं होतं. पण प्लास्टिकलाही नसतो.

झाडाला पाणी घालायचं काम शेजारच्या बायनाबाईंवर सोपवलं होतं. बायनाबाईंच्या दाराला बारा महिने प्लास्टिकच्या फुलांचं तोरण. कोकिळेनंच तिच्या कानात सांगितलं असणार, एखादं बांध म्हणून. नवरा झुरतोय, हे काय तिला दिसत नव्हतं?

हात लावला की कळलं असतं. त्यांनी हात पुढे केलाही. पण प्लास्टिक निघालं तर? तोंडावर काही लपवता येत नाही, हा त्यांचा जुना रोग. बायकोनं एवढ्या मायेनं केलेलं नाटक तिच्या डोळ्यांदेखत उघडं पडायचं. तेवढ्यात मागे बांगड्या वाजल्या. बन्सीधररावांनी हात झटकन मागे घेतला.

कोकिळाबाईंनी फुलाकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग पुन्हा फुलाकडे.

‘‘लय भारी फुललंय की,’’ त्या म्हणाल्या.

आता मात्र बन्सीधररावांची खात्रीच पटली. या बाईनं जन्मात कशाला पहिल्या फटक्यात बरं म्हटलं नव्हतं.

त्यानंतर रोज चहाआधी फुलाचं कौतुक सुरू झालं. दूधवाल्याला दाखवून झालं. कोणी जवळ गेलं की कोकिळाबाई लांबूनच बजावायच्या, हात लावायचा नाही. बन्सीधररावही मान हलवून हो म्हणायचे. त्यांचे फिरायला जायचे सोबती किशनराव एकदा मुद्दाम आले. चष्मा वर-खाली करून त्यांनी फूल न्याहाळलं, मित्राच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, ‘‘छान हाय सर. उसाच्या गाड्यांची धूळ बसली तर ओल्या फडक्यानं पुसत जा.’’

दुपारी बन्सीधरराव कागद घेऊन बसायचे. ‘फूल आलं’ असं लिहायचे आणि खोडायचे. ते खोटं असलं, तर एका माणसाच्या जन्मभराच्या कामात आपण माती कालवली. ‘आलं नाही’ असं लिहायचे आणि तेही खोडायचे. ते खोटं असलं, तर तिकडे डोंगरात झाडांच्या मुळावर कुदळ. आपण नुसतं वाचायच्याच कामाचे, लिहायच्या नाही, असं त्यांना वाटायला लागलं.

मग एका सकाळी अंगणातून हाक आली. बन्सीधरराव एक चप्पल घालून तसेच धावले. कोकिळाबाई ड्रमपाशी उकिडव्या बसल्या होत्या. पदर तोंडावर होता, पण हसू काही त्यात मावत नव्हतं.

‘‘आवो, हिकडं बघा. सुकायलंय.’’

सगळ्यात बाहेरच्या पाकळीची कड चहासारखी तपकिरी झाली होती. बन्सीधररावांनी पहिल्यांदाच बोट लावलं. पाकळी मऊ होती, गार होती. त्यांनी बोट तसंच ठेवलं.

‘‘मला वाटलं, तू बायनाबाईला सांगून...’’

‘‘आन् मला वाटलं, तुमीच चिटकवलं,’’ कोकिळाबाई म्हणाल्या. ‘‘त्या दिशी चोरावानी हात मागं घेतला न्हवं? म्हनलं ऱ्हाऊ दे. एवढं आवडतंय तर म्या कशाला बोलू.’’

बन्सीधररावांनी चहासुद्धा घेतला नाही. आत जाऊन कागद ओढला आणि एकही शब्द न खोडता पत्र पुरं केलं. उसाच्या ट्रॉल्या चुकवत स्वतः पोस्टात गेले. पेटीच्या फटीतून आत डोकावून पत्र पडल्याची खात्री केली. पत्रात एकच वाक्य होतं:

‘आदरणीय तमांगजी, कळवण्यास अत्यंत आनंद होतो की, आपलं फूल सुकू लागलं आहे.’