दारातला केर

“माणूस उंबऱ्याबाहेर पडला की त्याच्या पाठीवर केर काढू नये, बाळा. वाट पुसली जाते. माघारी येत नाही माणूस.”

खरवईच्या जुन्या घरात, बाबा कारखान्याच्या पाळीला निघाले की आई हे सांगायची. लहानग्या सुजितच्या हातातली केरसुणी काढून घ्यायची आणि तांदूळ निवडता निवडता गुणगुणायची,

लेक चालला गावाला, केर राहू दे दारात
पावलांनी पावलांना, आणावं गं घरात.

तीच आई, विठाबाई, आता उल्हासनगरच्या दुकानात व्हॅक्यूम क्लीनरच्या मशिनींना नावं ठेवत उभी होती, आणि सुजितच्या डोक्याची शीर तटतटत होती. आठवड्यातलं हे तिसरं दुकान.

“मावशी, हा बघा,” दुकानदार भूपेश म्हणाला. “वायर नाय, वजन नाय. फूल उचलल्यासारखा.” त्यानं फरशीवर चहाची पूड आणि मूठभर पोहे टाकले. मशिननं पूड ओढली, पोहे तसेच ठेवले.

“पोहे कोण उचलणार, तुम्ही येणार का बदलापूरला?” विठाबाईंनी विचारलं.

भूपेश हसला. सुजित हसला नाही.

पुढचा केरही काढत होता आणि फरशीही पुसत होता. सुजितला तोच आवडला. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरासमोर जुनी इमारत पाडायला घेतली होती. सकाळी पुसलं की दुपारी पुन्हा सगळं पांढरं. कामाला येणारी कौसाबाई एक दिवस आली नाही की आई कंबर धरून वाकायची, आणि मग दोन दिवस उठायची नाही.

“ह्यात आधी पाणी भरायचं,” विठाबाई म्हणाल्या. “तेवढ्यात तर...”

“तेवढ्यात काय?”

“उशीर होतो.”

“कसला उशीर, आई? दिवसभर घरीच असतेस ना?”

त्या पदराचं टोक चाळवत राहिल्या.

भूपेशनं गोल चकतीसारखा आपोआप फिरणारा काढला. तो त्यांना पाच मिनिटंही पटला नाही. “हा आपल्या मनाचा राजा. दाराशी जा म्हटलं तर कॉटखाली घुसेल.” मग वायरवाला स्वस्तात देतो म्हणाला, तर विठाबाईंचा प्रश्न, “जिन्यापर्यंत पोचेल?”

“घरातला केर काढायचाय की सोसायटीचा?” सुजित चिडून म्हणाला.

“धूळ दारातूनच येते ना रे.”

शेवटी उरला तो बिनवायरचा, चांगला दणकट. पोहे, चहा, भूपेशच्या टेबलाखालचा जुना कचरा, सगळं एका दमात गिळलं त्यानं. विठाबाईंनी तो उचलून पाहिला आणि खाली ठेवला. “जड आहे. आणि आवाज पिठाच्या गिरणीचा.”

सुजितनं डोळे मिटून घेतले. सोमवारी पुण्याला कामावर हजर व्हायचं होतं. शलाका, त्याची बायको, वर्षभर तिथे एकटी राहत होती. आईनं घर सोडायचं नाही असं ठरवलेलं, त्यामुळे तो मधल्या मध्ये. दोनदा पुण्याला गेला, दोनदा परत आला. एकदा फोनवर आईचा आवाज खोल गेल्यासारखा वाटला म्हणून, एकदा कौसाबाईनं “आजी घसरल्या” असं कळवलं म्हणून. या वेळी शलाका एवढंच म्हणाली होती, “आलास तर राहायला ये. पाहुणा म्हणून नको.”

त्याच कौसाबाईनं मागे हसत हसत सांगितलं होतं, “तुमी गेलात ना दादा, का आजी दिवसभर झाडूला हात लावू देत नाय. तुमच्या बुटाची माती दारात तशीच. मला म्हणते, उद्या ये.”

आठवलं तसं सुजितच्या तोंडातून निघून गेलंच. “तुला मशीनच नकोय, आई. मी गेलेलं नकोय तुला. सरळ सांग ना, म्हणजे मी तरी दुकानं हिंडायचा थांबेन.”

भूपेश उगाच एक वायर गुंडाळू लागला.

विठाबाईंनी एकदा लेकाकडे पाहिलं. मग त्या भूपेशकडे वळल्या. “हा जड आहे तो, बटण दाबल्याबरोबर चालतो?”

“त्याच सेकंदाला, मावशी.”

“आणि वाकावं लागत नाही.”

“ताठ उभं राहून चालवायचा.”

“द्या मग.”

“जड आहे म्हणालीस ना?” सुजित म्हणाला.

“उचलीन तेवढा.”

येताना रिक्षात सुजितनं मशीनचा खोका मांडीवर धरला होता. आपण फार बोललो, हे त्याला कळत होतं. पण माफी मागायला गेलो तर बॅग भरणं पुन्हा राहील, हेही कळत होतं.

सोमवारी सकाळी आईनं त्याच्या हातावर दही-साखर ठेवली. दाराबाहेर, जिन्याच्या तोंडाशी, पाडकामाची धूळ पिठासारखी पसरली होती. सुजितनं बूट घातले, बॅग उचलली आणि धुळीत पाऊल टाकलं.

“येतो गं, आई.”

एरवी ती लगेच “ये, बाळा” म्हणायची. आज नुसती उभी राहिली. अजून रुसवा आहे तर, असं मनात म्हणत तो वैतागून जिना उतरू लागला.

अर्धा जिना उतरला आणि वर गिरणीसारखा आवाज सुरू झाला.

कौसाबाई तर अजून आलेली नव्हती. तो चार पायऱ्या वर चढला. विठाबाई उंबऱ्याबाहेर ताठ उभ्या होत्या. दोन्ही हातांनी मशीन धरून त्या त्याच्या बुटांचे ठसे एकेक करून पुसत होत्या, पार पहिल्या पायरीपर्यंत. गाल ओले होते, पण हात थांबत नव्हता.

“आई, अगं, काय करतेस? मी अजून जिन्यातच आहे.”

त्यांनी बटण दाबलं. आवाज थांबला.

“माहितीये. म्हणूनच घाई केली,” त्या म्हणाल्या. “दोन्ही वेळा मीच केर राहू दिला होता रे. जा, बाळा. आता येतो म्हणू नकोस.”