दुसरी ओळ

आमची आजी, मनकर्णाबाई. आमच्या छावणी मोहल्ल्यात कुणीही आजारी पडलं की ती उशाशी जाऊन बसायची. देवाचं नाव घेऊन कपाळावर ओली घडी ठेवायची आणि जात्यावरच्या ओव्या हळू आवाजात म्हणायची. तसा गळा मी पुन्हा ऐकला नाही. पोलीस ॲक्शननंतरच्या चौथ्या वर्षी ती गेली.

महिन्याभरात माझा धाकटा भाऊ गुलाब तापानं फणफणला. सातव्या दिवशी भर दुपारी तो डोळे मिटून आजीच्या ओव्या पुटपुटू लागला. तसतसा ताप उतरू लागला.

शेजारच्या जैतुनबी आईकडं बघून हसल्या. "खाला को वहाँ बी चैन नई, वच्छला. पोत्रे के सिरहाने आके बैठी."

गुलाब मात्र प्रत्येक ओवीची पहिलीच ओळ म्हणायचा आणि थांबायचा. जात्यावर बारा वर्षं असंच चाललं होतं. पहिली ओळ आजी म्हणायची, समोर बसून दुसरी आई.

"दळण सरत आलं, सूप राहिलं पसाभर," गुलाब म्हणाला.

"सोबतीला आले मी, हात ठेवते खुंट्यावर." आई सवयीनं बोलून गेली.

जैतुनबींचं हसू थांबलं. "वच्छला, तूने जवाब कायकू दिया?"

गुलाबनं डोळे उघडून पाणी मागितलं. ताप पार गेला होता.

गुलाबला पाजायला मी पेला आईपुढं धरला. तिनं घेतला नाही. जात्याचा खुंटा धरावा तशी तिची मूठ हवेत मिटली होती, आणि हात सावकाश गोल फिरत होता.

"आत्याबाई," आजीला हाक मारायची तसं ती रिकाम्या कोपऱ्याकडं बघून म्हणाली, "पोरं लई लहान हैती माझी. सोडा मला."

हात जोरानं फिरू लागला.