हसू नये अशा तीन जागा

शिवरंजनी तोच सिनेमा तिसऱ्यांदा बघत होती. मुलगा मात्र नवीन होता.

परभणीच्या थिएटरात हा सिनेमा चौथ्या आठवड्यात आला होता. मोबाइलवर जोडीदार शोधणाऱ्या एका मुंबईच्या बाईची गोष्ट. तिला एकामागून एक पाच पुरुष भेटतात आणि पाचही जणांना ती नाकारते. सोयरिकी जुळवणाऱ्या व्यंकटरावांना मुलगी बघायच्या कार्यक्रमाला हा सिनेमा फार योग्य वाटला होता. पोहे जुने झाले, असं ते म्हणत. मुलामुलीला मोकळं बोलू द्यावं. म्हणून मुलगा-मुलगी एका रांगेत आणि दोन्हीकडची मिळून नऊ माणसं बरोबर त्यांच्या मागच्या रांगेत, अशी तिकिटं ते काढत. खिशात सुपारी आणि अडकित्ता असायचाच. दोन्हीकडच्या माना हलल्या की जागेवर सुपारी फोडून लग्न पक्कं. मागच्या दोन्ही वेळा सुपारी अख्खीच घरी गेली होती.

"ध्यानात हाय ना?" दिवे मालवल्यावर शिवम्मानं लेकीच्या खुर्चीवर वाकून विचारलं.

"हाय."

"सांग बरं."

"मोटारसायकल, आई, खिडकी."

हसू नये अशा या तीन जागा. पहिल्या स्थळाच्या वेळी ती मोटारसायकलीला मोठ्यानं हसली. निरोप आला, मुलगी दात काढते. दुसऱ्या वेळी तिनं तोंडात रुमाल धरला, पण पडद्यावरचा एक पुरुष पहिल्याच भेटीला आईला घेऊन येतो, तिथं रुमाल पुरला नाही. मुलाची आई मागंच बसली होती. खिडकीला तर ती दोन्ही वेळा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली होती. आता तिला एकतिसावं सरत होतं. वडील, रेवणसिद्धअप्पा, गंगाखेडहून निघताना एवढंच बोलले होते, "याबी टायमाला न्हाई म्हणून आलं, तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार न्हाई."

शेजारी राजेश्वर बसला होता. चारठाणा गावचा, खताच्या दुकानाचा. आल्यापासून तो नुसता घाम पुसत होता.

पडद्यावर मोटारसायकल आली. पुरुष ऐटीत किक मारतो, बाई बसायच्या आधीच निघतो आणि चार किलोमीटर मागं न बघता तिच्याशी गप्पा मारत जातो. थिएटर हसलं ते दुसऱ्या किलोमीटरला. राजेश्वर किक मारतानाच हसला. आवाज नाही, नुसते खांदे. मग पायातली चप्पल निसटून पुढच्या खुर्चीखाली गेली, तरी तो हसतच होता.

शिवरंजनी बघतच राहिली. पहिल्या खेपेला तीही किकलाच हसली होती, सगळ्यांच्या आधी. त्या वेळी तिला वाटलं होतं, असं हसणारं एखादं माणूस असतं तर.

ते माणूस आता तिच्याकडं वळलं होतं. डोळे पुसत, ती हसायलीय का ते बघत होतं.

तिनं गालाचं आतलं मांस दातात धरलं आणि पडद्याकडं बघितलं.

आईच्या जागेला तो पुन्हा हसला, पुन्हा वळला. या वेळी थोडा कमी.

मध्यंतरात त्यानं दोन समोसे आणले. एक तिला दिला.

"पिच्चर आवडला न्हाई का तुमाला?"

"चांगलाय की."

"मग हसत न्हाई तुमी."

"हसते की. टायम आल्यावर."

"म्हंजे कवा?"

 मागच्या रांगेत नऊ समोसे तोंडापाशी थबकले. शिवम्मा खोकली.

"तसं काय न्हाई," शिवरंजनी म्हणाली. "मला जास्त हसायची सवय न्हाई."

"बरं बरं," राजेश्वर म्हणाला. "आमालाबी तशी न्हाई." आणि चप्पल शोधायला वाकला.

मध्यंतरानंतर तो पाठ ताठ करून बसला. दोन विनोद आले आणि गेले. पहिल्याला त्यानं घसा साफ केला. दुसऱ्याला हात तोंडावर नेला, मग हसू आलंच नाही म्हणून पुन्हा मांडीवर ठेवला. शिवरंजनीनं ते बघितलं. गाल पुन्हा दातात होता. समोशाचं तिखट तिथं झोंबत होतं. हसायची जागा एकच उरली होती. तिनं ठरवलं, खिडकीला हसायचं. मागं काहीही म्हणू देत.

खिडकी आली. पाचव्या पुरुषाला चुकवायला बाई हॉटेलच्या न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर पडते आणि मधेच अडकते. पाय आत, डोकं बाहेर. सगळं थिएटर खदखदून हसलं.

शिवरंजनीनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. तिसऱ्यांदा होतं. तिनं शेजारी बघितलं. राजेश्वर देवळात कीर्तन ऐकावं तसा, हाताची घडी घालून बसला होता.

मागून त्याची आत्या, धुरपताबाई, शिवम्माच्या कानाशी लागली. "बघायलाव ना वयनी? सारं थेटर हसायलंय, पर आपली दोघं कशी बसल्यात. सोभाव तंतोतंत जुळायलाय."

शिवम्माची मान हलली. रेवणसिद्धअप्पांची हलली. चारठाण्याच्या चार माना एकदम हलल्या.

हशा अजून चालूच होता. त्यात अडकित्त्याचा आवाज फक्त पुढच्या दोघांना ऐकू आला.