पत्नीची व्याकुळ नजर

"समुद्राकडे बघा बाई, माझ्याकडे काय बघताय?" चितारी तिसऱ्यांदा ओरडला.

फिलोमेननं शिंपल्यांची टोपली कमरेवर घेतली आणि पाठच समुद्राकडे केली. नॉर्मंडीच्या त्या किनाऱ्यावर नवरा पाण्यावर असताना बायको समुद्राकडे टक लावून उभी राहत नाही. तशी विधवा उभी राहते. नवरा असलेलीनं तसं केलं, तर समुद्र तिचं खरं करून दाखवतो. हे तिथलं पाळण्यातलं पोरही जाणतं. पॅरिसहून आलेल्या विद्वानाला तेवढं कुठून कळणार?

चितारी लकोर्दिए मोठा माणूस. खोलीत बसून चित्र काढणं त्याला पटत नसे. सगळं उघड्यावर, खऱ्या उजेडात, खऱ्या माणसांसमोर. म्हणून त्यानं वाळूत छत्री रोवली होती, चित्राच्या घोडीला दगड बांधले होते, आणि ओल्या रंगावर वाळू उडाली की तो वाऱ्याला शिव्या घालत होता.

"आणि डोळ्याखालची ती निळी छटा!" तो म्हणाला. "अहाहा! समुद्रच उतरलाय चेहऱ्यावर!"

"समुद्र नाही साहेब, ओनेझीम उतरलाय," शेजारी शिंपले वेचणाऱ्या बायकांतली म्हातारी सेराफीन म्हणाली. "हिचा दादला. काल हिची शेळी दारूत घालवली. हिनं जाब विचारला, तर ही छटा देऊन गेला."

बायका हसल्या. फिलोमेनही हसायला गेली, पण ओठ फाटलेला होता.

शेळीचं ऐकून चिताऱ्याला फार वाईट वाटलं. चित्रात ती शोभली असती.

"पण नवरा आज समुद्रावर आहे ना? मग मला ती पत्नीची व्याकुळ नजर द्या! एकदाच!"

ओनेझीम एकटाच गेला होता. त्याच्या होडीत बसायला गावातला एकही गडी तयार नसे. फिलोमेनला मात्र त्याच्याबरोबर अख्खा जन्म काढायचा होता.

तिनं टोपली खाली ठेवली. डोक्यावरचं फडकं नीट केलं. आणि वळली.

बायकांचं हसू विरलं. सेराफीननं घाईघाईनं छातीवर क्रूस काढला.

"काय ही ओढ! काय ही निष्ठा!" चिताऱ्यानं घाईनं कुंचला रंगात बुडवला. "पापणी लववू नका हं."

"नाही लववत."

वारा मंदावला होता, समुद्र शांत होता. दुपारी ओनेझीमची होडी दिसली, इतकी जवळ आली की त्याची लाल टोपी ओळखू यावी. त्यालाही किनारा दिसला. किनाऱ्यावर बायको दिसली. ताठ उभी, नजर रोखलेली, हुबेहूब विधवा. त्यानं जाळं तसंच पाण्यात सोडून दिलं, शीड फिरवलं आणि जीव मुठीत धरून आल्या वाटेनं पळत सुटला.

"अरेरे, वळला की हो!" चितारी हळहळला. "आता परत कधी यायचा?"

फिलोमेननं नजर हलवली नाही.

"मी इथं उभी आहे तोवर नाही यायचा. तुम्ही सावकाश काढा साहेब, मला मुळीच घाई नाही."