वैजूचा केसपेपर

"कागद हाय की," हर्षाली म्हणाली, "पर घरात न्हाई."

डॉक्टर जागृतीचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा टांगणीला लागला. त्या एका कागदासाठी ओतूरहून दोन एसट्या बदलून ती डिंभ्याच्या वरची ही वाडी चढून आली होती.

दोन महिन्यांपूर्वी मण्यार चावलेली हर्षालीची चार वर्षांची वैजू जागृतीच्या सरकारी दवाखान्यात आणली, तेव्हा सापाची लस संपलेली होती. तीन पत्रं धाडूनही वरून आली नव्हती. जागृतीनं केसपेपरवर तेच लिहिलं, वेळ टाकली, सही केली आणि तो कागद आईच्या हाती देऊन पोरीला पुढच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. पुढच्यांनी आणखी पुढं. पोर वाटेतच गेली. मग चोराच्या उलट्या बोंबा! उपचार टाळले म्हणून जागृतीच सस्पेंड. ती कोर्टात गेली, तर दवाखान्याच्या रजिस्टरातलं नेमकं ते पान गायब. परवा तारीख होती. "तो केसपेपर आणा मॅडम, नाहीतर आपलं काही खरं नाही," वकिलांनी बजावलं होतं.

"मग कुठं आहे गं?"

हर्षालीनं ओढ्याकडं हात केला. करवंदीच्या जाळीखाली दगडांची लहानशी रास होती. एवढ्याशा पोरांना इथं जाळत नाहीत, पुरतात.

"पिशवीत घालून तिच्या मुठीत दिला. त्या दिशी ज्या दारात गेलो तिथं पैलं इच्यारायचे, कागद कुठंय? कागद बघितल्याबिगर पोरीकडं बघंना कुणी. म्हनलं, आता एकली चाललीय. वर कुणी अडवलं तर..."



वैजूचा बाप बहिरू उंबऱ्यात बसून होता. तो उठला आणि भिंतीला टेकवलेली कुदळ त्यानं खांद्यावर घेतली.

"गाडीत घालताना तुमी रडत व्हत्या, म्याडम. मी बघितलंय. आमच्यापायी तुमची नोकरी जाया नको. बसा, आनतो काढून."

हर्षालीनं त्याला अडवलं नाही. नुसता पदर तोंडात कोंबला.

जागृती धावली. दोन्ही हातांनी तिनं कुदळीचा दांडा धरला. "नाही, बहिरूभाऊ! नको मला तो कागद!" सस्पेंडची ऑर्डर हातात पडली तेव्हा न रडलेली ती बाई त्या अंगणात हमसून हमसून रडली.

निघताना हर्षाली बांधापर्यंत पोचवायला आली. मग हळूच म्हणाली,

"म्याडम, एक इच्यारू? तुमाला कामावरनं काढलंय म्हनं. मग त्या कागदावरची तुमची सही... वर चालंल ना?"